चालकाशी बोलू नये

पाण्याने काठोकाठ भरलेला स्टीलचा पेला मांडीवर धरून पेणहून रोह्याला जाण्याचा योग तुमच्या आयुष्यात आला नसेल. माझ्या आला, आणि इतक्या वेळा आला की त्या रस्त्यावरचे खड्डे मला डोळे मिटून सांगता येतात. वडखळ सोडलं की डावी मांडी भिजते, नागोठण्याच्या अलीकडे उजवी, आणि भिसे खिंडीतल्या वळणांवर जे भिजतं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मग पुढून, ड्रायव्हरच्या सीटवरून, मान न वळवता आवाज येतो.

"पेंटर, सांडलं?"

"सांडलं, हिराजीभाऊ."

"किती?"

"अहो, उरलंय किती ते विचारा."

"विचारलं तेवढंच बोल. जास्त नाय."

मग बस कडेला थांबते. हिराजीभाऊ उठून मागे येतात, माझ्या ओल्या पँटकडे साफ दुर्लक्ष करतात, वाकून पेल्यात बघतात आणि "ही जागा बाद" असं म्हणून मी बसलो असेन तिथे खडूने फुली मारतात. मग कळशीतून पेला पुन्हा भरला जातो आणि मला दोन हात पुढे सरकवलं जातं.

हिराजीभाऊ माझे शेजारी. मूळचे रोह्याकडच्या निडीचे, पण राहायला पेणला. रोह्याला लागून असलेल्या धाटावच्या एका केमिकल कंपनीची बस त्यांनी हयातभर चालवली. पेणहून शिफ्टची माणसं घ्यायची, वाटेत वडखळ-नागोठण्याला आणखी भरायची, आणि कंपनीच्या गेटावर ओतायची. माझा गणपतीचा कारखाना आहे. पेणमध्ये कारखाना म्हटलं की तो गणपतीचाच, हे वेगळं सांगायला नको. मूर्तींचे डोळे मी स्वतः आखतो, म्हणून हिराजीभाऊ मला पेंटर म्हणतात. माझं खरं नाव त्यांना ठाऊक आहे की नाही याची मला शंका आहे.

ते रिटायर झाले तेव्हा कंपनीने त्यांच्याबरोबर बसलाही रिटायर केलं. निरोप समारंभात हिराजीभाऊंना शाल आणि नारळ मिळाला. पुढे काही दिवसांनी कंपनीने जुन्या गाड्या विकायला काढल्या तेव्हा हिराजीभाऊंनी जाऊन बसही आणली आणि माझ्या कारखान्याशेजारच्या मोकळ्या जागेत लावली. "हप्ताभर ठेवतो," म्हणाले. त्या हप्त्यात गणपती किती वेळा येऊन गेले याचा हिशेब मी सोडून दिला आहे.

"हिचं काय करणार?" मी विचारलं.

"घर करनार. चालतं घर. आत ओटा, बिछाना, मोरी, सगळं. मंग सुमनला घेऊन लेकीकडं जायचं."

इथे सुमनवहिनींबद्दल सांगायला हवं. हिराजीभाऊंची मुलगी दापोलीकडच्या एका गावात दिलेली आहे आणि सुमनवहिनींनी तिचं घर अजून पाहिलेलं नाही. कारण एकच, वहिनींना गाडी लागते. तशी ती बऱ्याच जणांना लागते, पण वहिनींचा हात धरणारं कोणी नाही. त्यांना एसटी लागते, जीप लागते, बाजारात जाताना रिक्षा लागते. रेल्वे तेवढी चालते, पण रेल्वे दापोलीला जात नाही. एकदा त्या खेडपर्यंत रेल्वेने गेल्या, पुढे एसटीत बसल्या, घाटाच्या पहिल्याच वळणावर उतरल्या आणि तिथूनच परत फिरल्या. लेक बिचारी फोनवर घर दाखवते. ही बघ खिडकी, हा बघ ओटा, असं म्हणत ती फोन फिरवते, आणि चित्र फिरलं की वहिनींना इकडे मळमळतं.

ड्रायव्हरच्या बायकोला गाडी लागते, हा आमच्या आळीतला जुना विनोद. हिराजीभाऊंना मात्र त्यात हसण्यासारखं काही दिसत नसे. "सगळी कंपनी माझ्या गाडीत बसली," ते म्हणायचे. "मॅनेजर बसला, वॉचमन बसला. एक डाव साप निघाला शेवटच्या सीटखाली. म्हंजे साप पन बसला. ही नाय बसली." हे सांगताना त्यांचा चेहरा असा व्हायचा की ऐकणाऱ्यानेही हसू आवरतं घ्यावं.

तर पेल्याचं गणित असं होतं. बसमध्ये जिथे पाणी सांडत नाही, तिथे बाईला मळमळणार नाही. ती जागा सापडली की तिच्याभोवती घर बांधायचं. ऐकायला मला ते पटलं, आणि तिथेच मी फसलो. सगळ्यात पहिली फुली पडली ती पुढे ड्रायव्हरच्या डाव्या हाताला इंजिनावर जे झाकण असतं त्या बॉनेटवर. तिथे पेला ठेवला तर तो नाचत नाचत खालीच आला.

घराचं काम मात्र जागा सापडण्याची वाट बघत थांबलं नाही. आधी सीटा निघाल्या. एवढ्या सीटा ठेवायच्या कुठे, म्हणून हिराजीभाऊंनी त्या आळीत वाटल्या. आमच्याकडे आता प्रत्येकाच्या ओटीवर बसची एकेक बाकडी सीट आहे. लग्नकार्यात त्या एका मांडवात येतात आणि पाहुणे दोघे दोघे पुढे तोंड करून बसतात. मी डोळे आखायला बसतो ती खिडकीकडची सीट आहे. धाटावचा एक फिटर एकदा मूर्ती ठरवायला आला, सीटच्या पाठीवरचा ओरखडा बघून गहिवरला, आणि थोडा वेळ बसू का म्हणाला. बसला आणि लगेच झोपला.

मग स्वयंपाकाचा ओटा आला. वहिनींना घरच्यासारखं वाटावं म्हणून हिराजीभाऊंनी खरोखरचा कडप्पा बसवला. बस डाव्या अंगाला कलली. ती सरळ करायला उजवीकडे पाण्याची टाकी बसवली. टाकी भरली की बस उजवीकडे कलायची, स्वयंपाक होत आला की डावीकडे यायची. "जेवन झालं की सरळ व्हते," हिराजीभाऊ अभिमानाने सांगायचे.

त्यात आमची खाडीची खारी हवा. मागचा पत्रा बदलून वेल्डर पुढे येईपर्यंत पुढचा गंजलेला, आणि पुढचा करून मागे जावं तर मागे पुन्हा भोक. वेल्डरने या बसवर आपल्या मुलाचं लग्न केलं असं लोक म्हणतात. कागदांचंही तसंच. आरटीओच्या ऑफिसात कोणी आतल्या खाटेबद्दल विचारलं की हिराजीभाऊ सांगायचे, घर हाय. आणि घरपट्टीवाला दारात आला की सांगायचे, गाडी हाय. दोन्ही ठिकाणी ते खरंच बोलत होते, त्यामुळे त्यांचं कोणाला काही करता आलं नाही.

एक गोष्ट तेवढी त्यांनी बदलली नाही. पुढच्या काचेच्या वर कंपनीचा लाल अक्षरांतला बोर्ड होता, 'चालकाशी बोलू नये'. आपल्याकडे हे वाक्य वाचून लोक ड्रायव्हरशी बोलायला सुरुवात करतात. पण हिराजीभाऊंच्या गाडीत ते नव्हतं चालत. कोणी तोंड उघडलं की "उतरल्यावर बोल" एवढंच उत्तर. बस उभी असली तरी ते ड्रायव्हरच्या सीटवर असले की नियम लागू. संध्याकाळी ते बऱ्याचदा तिथे नुसतेच बसलेले असत, समोर माझ्या कारखान्याची भिंत बघत. वहिनी चहा घेऊन खिडकीखाली उभ्या राहत, पण हाक मारत नसत. ते उठून खाली येतील तेव्हा चहा, तोवर तो गार.

"पण तुम्ही तर मला विचारता, सांडलं का म्हणून," मी एकदा म्हणालो.

"चालकाशी बोलू नये लिवलंय. चालकानं बोलू नये असं नाय लिवलं."

या स्वभावाचा आणखी एक पैलू मला आमच्या एका पेला-फेरीत दिसला. वडखळ नाक्यावर शिफ्टची माणसं उभी होती. त्यांची नवी गाडी चुकली होती की काय कोण जाणे. ओळखीची बस दिसली म्हणून त्यांनी हात केला, आणि हिराजीभाऊंचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. माणसं चढली. कोणी खाटेवर बसलं, कोणी कडप्प्यावर, एकाने मोरीत उभं राहून नळ धरला. हे घर आहे असं सांगायची मला सोय नव्हती, कारण गाडी चालू होती. हिराजीभाऊंनी सगळ्यांना गेटापर्यंत सोडलं.

"सांगायचं नाही का, आता ही कंपनीची बस नाही म्हणून?" मी उतरल्यावर विचारलं.

"हात केला, पेंटर. हात केल्याला सोडून पुढं कसं जायाचं? आजवर नाय गेलो."

त्या दिवशी आम्हाला जागाही सापडली. गाडीत माणसांचं वजन आलं की स्प्रिंगा दबतात आणि बस शांत चालते. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या बरोबर मध्ये बसलेल्या माझ्या पेल्यातून थेंब सांडला नाही. हिराजीभाऊंनी तिथे खडूने गोल काढला आणि वजनासाठी दुसऱ्या दिवशी रेतीच्या गोण्या आणल्या. त्या संध्याकाळी ते माझ्या कारखान्यात आले आणि टेम्पोत चढवलेल्या मूर्तींकडे बघत बसले.

"तुझा गनपती पार मुंबईला जातो, सोंडेचा टवका उडत नाय. कसा पाठवतोस?"

मी सगळं सांगितलं. खाली जाड पेंढा, दोन्ही बाजूंना पेंढा, पाठीला टेकू. तोंड मागे, म्हणजे ब्रेक लागला तर सोंड आपटत नाही. आणि चेहऱ्यावर कागद, म्हणजे धूळ बसत नाही. ते मान हलवत ऐकत होते आणि जाताना पेंढ्याचे भारे घेऊन गेले. आता वाटतं, तेव्हाच काहीतरी ध्यानात यायला हवं होतं. पण आम्ही दोघं आपापल्या धंद्यात इतके मुरलेलो, की गणपतीला मळमळत नाही ही साधी गोष्ट आमच्यापैकी एकालाही सुचली नाही.

मुहूर्ताच्या दिवशी आळी जमली. नारळ फुटला. खडूच्या गोलात पेंढ्याची गादी, दोन्ही बाजूंना पेंढ्याच्या उशा आणि भोवती जाड पडदे. हिराजीभाऊंचं म्हणणं, बाहेरचं दिसलंच नाही तर लागणार कसं? वहिनींना मागे तोंड करून बसवलं, कडेने पेंढा ठासला, आणि हिराजीभाऊ जरा मागे सरून एक डोळा बारीक करून बघू लागले.

"मला कुठं नेताय?" पेंढ्यातून आवाज आला. "लेकीकडं, का विसर्जनाला?"

आम्ही निघालो. मी पडद्याबाहेर पेला धरून बसलो होतो. गाडी लोण्यावरून चालल्यासारखी चालली. वडखळ यायच्या आधी पडद्याआडून जो आवाज आला त्यावरून मी ओळखलं. पेल्यात पाणी काठोकाठ होतं आणि वहिनी मात्र पूर्ण रिकाम्या झाल्या होत्या.

परत बसमध्ये चढायला त्या तयार नव्हत्या. वहिनी रस्त्याच्या कडेने पदर डोक्यावर घेऊन चालत पेणला आल्या, आणि त्यांच्या मागे हिराजीभाऊ पहिल्या गिअरमध्ये बस चालवत आले. मागून हॉर्न वाजत होते, लोक ओरडत होते. हिराजीभाऊंनी कोणाला साइड दिली नाही.

त्यानंतर ते गप्प झाले. तसे ते आधीही फार बोलत नसत, पण आता उतरल्यावरही बोलेनात. कडप्पा काढून त्यांनी अंगणात धुण्याला टाकला. खाट काढली, टाकी आणि मोरी काढली, पडदे काढले, रेती ओतून टाकली. पेंढा माझ्या दारात आणून ठेवला आणि म्हणाले, "तुझा पेंढा. भंगारवाल्याशी बोललोय. रोह्याचा हाय. उद्या तिथं रस्त्यावर येऊन हात करील."

एवढ्यात मागून सुमनवहिनी आल्या.

"द्यायच्या आधी मला एकदा न्या रोह्यापर्यंत," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

"लागंल तुला गो."

"लागू दे. तुमच्या गाडीत सगळी बसली, मी नाय बसले असं सांगत फिरता ना गावभर? एकदा धड बसते, पेंढ्याशिवाय. लागायचंच हाय तर तुमच्या गाडीत लागू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेला घेऊन हजर झालो. कोणी सांगितलं नव्हतं, सवयीने गेलो. आतून बस आता नुसता पत्र्याचा बोगदा होती. बसायला ड्रायव्हरची सीट सोडून काही नव्हतं. मी मागे चाकावरच्या उंचवट्यावर टेकलो. वहिनी हातात लिंबू आणि प्लास्टिकची पिशवी घेऊन चढल्या, इकडेतिकडे पाहिलं, काखेतली गोधडी चौघडी करून बॉनेटवर टाकली आणि तिच्यावर बसल्या.

"तिथं नाय कोन बसत," हिराजीभाऊ म्हणाले. "कंपनीचा नियम हाय."

"कंपनी कुठं हाय?"

गाडी सुरू झाली. गल्लीच्या तोंडाशीच माझा अर्धा पेला शर्टावर आला. बॉनेटवर वहिनी नखशिखांत थरथरत होत्या आणि मी मनातल्या मनात वडखळपर्यंतचं अंतर मोजत होतो.

"हा ट्रक येतोय समोरनं," वहिनी म्हणाल्या.

मी बोर्डाकडे पाहिलं. तो बरोबर वहिनींच्या डोक्यावर होता.

"बघा हां, खड्डा हाय. ह्या पुलावरनं जायचात होय रोज? अंधारात कसं दिसायचं हो?"

मी "उतरल्यावर बोल" ची वाट बघत होतो. ते आलंच नाही.

"दिसायचं," हिराजीभाऊ म्हणाले. आणि जरा वेळाने, "पावसात नाय दिसायचं."

वडखळ गेलं. नागोठणं आलं, तेही गेलं. वहिनींच्या हातातलं लिंबू तसंच होतं. त्या विचारत होत्या, शिफ्टची माणसं कुठं उभी राहायची, तुम्ही चहा कुठं प्यायचात, साप कुठल्या सीटखाली निघाला, आणि हिराजीभाऊ एकेका प्रश्नाचं उत्तर देत होते. आधी एका शब्दाचं, मग वाक्याचं. भिसे खिंड सुरू झाली तेव्हा मी पेला दोन्ही हातांनी धरला आणि वहिनींकडे बघायचं टाळलं. पण वहिनी वळण यायच्या आधीच त्या बाजूला झुकत होत्या, जणू गाडी त्याच वळवत होत्या.

"तुला लागत नाय?" शेवटी हिराजीभाऊंनी विचारलं. आवाज जरा घाबरलेला होता.

"नाय. मागं बसलं की वळन एकदम अंगावर येतं. हितनं दिसतंय ना तुम्ही कुठं वळवताय ते. पोटाला आधी कळतंय."

"मंग इतकी वर्सं सांगितलं नाय ते?"

"मला तरी कुठं ठाव होतं? पुढं बसायला कधी दिलंत? आनि विचारायचं कोनाला? चालकाशी बोलू नये लिवलंय."

खिंड उतरल्यावर हिराजीभाऊ म्हणाले, "गाडीभर मानसं असायची गो पाठीमागं. हसायची, भांडायची, डबे खायची. पुढं मी एकटाच असायचो." हे ते वहिनींना म्हणाले, पण मागे मीही पेल्यात उरलेलं घोटभर पाणी पिऊन टाकलं.

"पेंटर, सांडलं?"

"सगळं सांडलं, हिराजीभाऊ."

"असू दे."

रोहं आलं. पेट्रोल पंपाच्या पुढे भंगारवाला ठरल्याप्रमाणे रस्त्यावर उभा होता. बस दिसताच त्याने हात वर केला. मी हिराजीभाऊंच्या पायाकडे बघत होतो. तो पाय ब्रेककडे गेला नाही. बस भंगारवाल्यासमोरून तशीच पुढे निघाली. मागच्या काचेतून मला दिसलं, तो हात वर धरूनच उभा होता आणि लहान लहान होत चालला होता.

"कोन हो तो? हात करत होता," वहिनी म्हणाल्या.

"असंल कोनतरी शिफ्टचा."

"घेतला नाय त्याला?"

"जागा नाय."

मी आजूबाजूला पाहिलं. अख्खी बस रिकामी होती. पुढे कोलाडचा रस्ता लागला होता, आणि कोलाडवरून कुठे कुठे, अगदी दापोलीलाही, जाता येतं हे मला चांगलं माहीत होतं. माझ्या पायात घरातल्या सपाता होत्या आणि कारखान्यात ओळीने बसलेले गणपती डोळ्यांची वाट बघत होते. मी घसा खाकरला.

"हिराजीभाऊ, मला जरा इथे कुठेतरी..."

त्यांनी मान न वळवता एक बोट वर, बोर्डाकडे केलं. मग ते वहिनींकडे किंचित कलले.

"हां, तू काय सांगत व्हतीस गो?"